मोहोरखिंडीतला मामाचा पाट

मोहोरखिंडीत रस्ता जिथे सगळ्यांत अरुंद होतो, तिथे कड्याला लागून पोलिसांची एक लहानशी चौकी आहे. वर पत्रा, एक खिडकी, दाराशी पाण्याचा रांजण आणि आत एकटा शिपाई. चौकीच्या पुढ्यात एक काळा दगड जमिनीत रुतलेला आहे. सपाट, जेवायच्या पाटाएवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यावर कुंकवाचे इतके थर बसले आहेत की भर पावसातही तो लालसर दिसतो. याला मामाचा पाट म्हणतात.

घाट बघायला येणाऱ्यांना हे ठाऊक नसते. ते दगडावर उभे राहून फोटो काढू लागतात, की समोरच्या टपरीतून हौसाबाईंचा आवाज येतो, "उतरा बाबांनो खाली. भावाच्या पाटावर पाय देत्यात व्हय?" हौसाबाई खालच्या उंबरशेत गावच्या. खिंडीत ताक आणि उकडलेल्या शेंगा विकतात. त्यांच्या सासूने आणि सासूच्या सासूनेही ही कथा याच जागी सांगितली, असे त्या म्हणतात. कुणी मुलगा गाडीचे कागद घरी विसरून आला आणि शिपायापुढे 'मामा, सोडा की' करू लागला, तर त्या त्याला हाताने बोलावून घेतात. "मामा म्हणालास न्हवं? मग बस हितं. मामा म्हंजे काय ते ऐक आधी. सोडायचं का धरायचं ते तो बघंल मागनं."

पोलिसाला मामा का म्हणायचे, याची प्रत्येक गावाची आपली एक गोष्ट असेल. खरा उगम कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. उंबरशेतची गोष्ट मात्र अशी सांगतात.

इंग्रजांनी डोंगर मोजले आणि रानाला हद्दी घातल्या, तेव्हाची ही गोष्ट. उंबरशेतच्या वरच्या उतारावर गावाची नाचणीची शेते होती. एका उन्हाळ्यात सरकारी माणसे आली, त्यांनी चुना फासलेले दगड पुरले आणि सांगितले की दगडांच्या वरचे सगळे रान आता सरकारचे. गावाने ऐकून घेतले. एकट्या सुभानाने नाही ऐकले. त्याने पहारीने हद्दीचे दगड उपटले आणि ओढ्यात लोटून दिले. गावाने अडवलेही नाही आणि हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला धरायला माणसे आली, तोवर सुभाना रानात नाहीसा झाला होता.

सुभानाला एकच बहीण, गोजरा. ती उंबरशेतातच दिलेली. नवरा वारलेला, पदरात येसू नावाची लेक. रानात गेलेला माणूस कधीतरी बहिणीच्या दारी येणारच, आणि यायचे तर खिंडीतूनच, असा हिशेब तालुक्याच्या फौजदाराने केला. खिंडीत एक झोपडी उभी राहिली, आणि तिच्यात केरबा नावाचा शिपाई बसवला गेला.

केरबा देशावरचा, दूरच्या मुलखातला. त्याचे सगळे घर प्लेगात गेले होते म्हणे. अंगात निळा डगला, डोक्यावर पिवळी पगडी, कमरेला पट्टा. या सरकारी कपड्यांखेरीज त्याचे असे काहीच नव्हते. गावाने त्याच्याशी बोलायचे नाही असे ठरवले. ठरवायला बैठकही बसली नाही. ते आपोआपच ठरले. नेमणुकीच्या शिपायाला शिधा देणे गावाला भाग होते, म्हणून रोज कोणीतरी पीठमीठ घेऊन वर यायचे, झोपडीपुढच्या काळ्या दगडावर ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. तो झऱ्यावर गेला की बायका अर्धी भरलेली घागर उचलून चालू लागत. पोर रडायला लागले की आई म्हणे, गप, नाहीतर खिंडीतला येईल. त्याला नावही दिले नव्हते. नुसता 'खिंडीतला'.

सुरुवातीला केरबा आपणहून बोलायचा. शिधा ठेवणाऱ्याला पिकापाण्याचे विचारायचा, गुराख्याला हाक मारायचा. उत्तर येईना, तेव्हा त्याने ते सोडून दिले. मग तो लमाणांच्या बैलांची वाट पाहू लागला. तांडा खिंडीतून जायचा तेव्हा घुंगरांचा आवाज यायचा, आणि आवाज लांब जाईपर्यंत तो दारात उभा राहायचा. पुढे पुढे तो स्वतःशीच बोलू लागला. पगडी खुंटीला लावताना तिला म्हणायचा, 'दमलीस का ग?' हे गुराख्यांनी ऐकले आणि गावात सांगून ते पुष्कळ हसले. आज ही कथा ऐकताना त्या हसण्याचाच जास्त राग येतो. सुभानाच्या बाजूने पहारीला हात न लावणारे गाव एका एकट्या माणसाशी न बोलण्यात मात्र मोठे शूर झाले होते.

पुढे येसूचे लग्न ठरले. मुलगा घाटाखालच्या गावचा, मुहूर्त वैशाखातला, गोरज वेळेचा.

इथे उंबरशेतची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. नवरीला बोहल्यापर्यंत तिचा मामा हात धरून आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिचा हात सोडत नाही. मधेच हात सुटला तर पोर माहेराला तुटली असे मानतात. मामा नसेल तर आईचा चुलत, मावस कोणताही भाऊ उभा राहतो. पण सख्खा मामा जिवंत असताना दुसरा भाऊ त्या जागी उभा राहत नाही. राहिला तर जिवंत माणसाला मेला म्हटल्यासारखे होते, त्याचे मरण ओढवते, आणि ते पाप जो उभा राहतो त्याच्या गळ्यात पडते, अशी समजूत.

फौजदाराला ही रीत कोणीतरी सांगितली. कोणी सांगितली, ते गाव आजही सांगत नाही. त्याने केरबाला बोलावून हुकूम दिला, की लग्नाच्या दिवशी तू मांडवात बस. सुभाना भाचीचा हात धरायला पुढे येईल, तेव्हा तो धर. बाकीची माणसे मी वाटांवर दडवून ठेवतो.

त्या संध्याकाळी केरबा मांडवाच्या एका खांबाशी जाऊन बसला. त्याच्याभोवती घोंगड्या अंथरलेल्या होत्या, पण त्यांवर कोणी बसले नाही. वऱ्हाड आले. वाजंत्री आली, डोक्यावर भांड्यांच्या दुरड्या घेतलेले गडी आले. गुरे परतली, धूळ उडाली, भटजींनी वेळ झाल्याचे सांगितले. येसू हळदीच्या अंगाने आतल्या दाराशी उभी होती आणि तिचा हात धरायला कोणी नव्हते.

गोजराने आपल्या चुलत भावांकडे पाहिले. एकाने मान खाली घातली, दुसरा बैलांना वैरण टाकायला म्हणून उठून गेला. सुभाना जिवंत होता हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्याचे मरण कोणाला आपल्या गळ्यात घ्यायचे नव्हते. मुलाच्या बापाने जरा वेळ धीर धरला. मग तो मोठ्याने म्हणाला, "विहीणबाई, तुमच्याकडं मामा रानातनं धरून आणावा लागतो, हे आधी सांगायचं हुतं. आमी जाळी तरी आणली असती." वऱ्हाडात हशा झाला. त्या हशात मुलाच्या बाजूचे दोघेतिघे बैल जुंपायची भाषा करू लागले. गोरज वेळ ती केवढी. धूळ खाली बसली की मुहूर्त गेला. आणि एकदा मांडवातून वऱ्हाड परत गेले असते, तर बापाविना वाढलेल्या त्या पोरीला पुन्हा कोणी मागणी घातली नसती.

तेव्हा गोजरा चालत केरबाच्या पुढे येऊन उभी राहिली. गावातले कोणी त्याच्याशी बोलले, ती पहिलीच वेळ. ती म्हणाली, "माझ्या भावाची वाट तू अडवून बसलास. मग त्याच्या जागेवर आता तूच हुबा ऱ्हा."

गाव चरकले. एक म्हातारा पुढे होऊन म्हणाला, की बाई, यानं सुभानाचं मरण ओढवेल. त्यावर गोजरा जे बोलली ते उंबरशेतात अजून शब्दाला शब्द सांगतात.

"कुनाचं मरण ओढवंल? हा आपला कुनी न्हाई. ज्याला कुनीच न्हाई, त्यो हुबा ऱ्हायला म्हणून कुनाचं काय जातंय?"

हे केरबासमोर बोलले गेले. तो उठला. त्याने कमरेचा पट्टा सोडला, काठीभोवती गुंडाळला आणि दोन्ही खांबाला टेकून ठेवले. पगडी काढावी की नाही हे त्याला उमजेना. गोजराने आपल्या नवऱ्याचा जुना पटका आणून त्याच्या हातात दिला, तो त्याने बांधला. पायातल्या वहाणा काढल्या आणि तो आतल्या दाराशी गेला. येसूचा हात त्याने हातात घेतला. केरबाला माणसांत चालायची सवय उरली नव्हती. तो पहाऱ्यावर चालतो तसा भराभरा निघाला. येसूची पावले अडखळली. ती हळूच म्हणाली, "मामा, दमानं."

केरबा जागच्या जागी थांबला. भटजींनी घाई केली तरी क्षणभर हलला नाही. त्याला कोणी कसलीही हाक मारल्याला किती काळ लोटला होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक. मग तो चालला, पण दमाने, तिच्या पावलाने.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टका सुरू झाल्या. केरबा येसूच्या मागे तिचा हात धरून उभा होता, तिथून सगळा मांडव समोर दिसत होता. आणि तिथूनच त्याला तो दिसला. भांड्यांच्या दुरड्या वाहणाऱ्या गड्यांत, तोंडावर मुंडासे ओढलेला एक जण. बाकीचे गडी अक्षता टाकताना नवऱ्या मुलाकडे बघत होते, कारण ते त्याच्या गावचे. हा एकटा येसूकडे बघत होता, आणि त्याच्या हातून अक्षता सुटत नव्हत्या. मुठीतच राहिल्या होत्या.

फौजदाराची माणसे वाटांवर येणाऱ्याची वाट पाहत दडली होती, आणि सुभाना वऱ्हाडाचे ओझे डोक्यावर घेऊन केव्हाच मांडवात येऊन बसला होता. गोजरा केरबाकडे गेली नसती तर तो उठून पुढे येणारच होता, असे पुढे त्याच्या सोबतच्या गड्यांनी सांगितले.

दोघांची नजरानजर झाली. केरबाने एक हाक मारायची होती. गावाबाहेर माणसे तयार होती. मारली असती तर बढती होती, त्या खिंडीतून सुटका होती, आपल्या मुलखात बदली होती. आणि हुकूम तर होताच. पण धावायचे तर येसूचा हात सोडावा लागला असता. नुसती हाक मारली असती तरी मांडव उधळला असता, आणि हात मधेच सुटला असता.

मंगलाष्टका नेहमीसारख्याच गायल्या गेल्या, पण केरबाला त्या फार लांब वाटल्या असतील. 'सावधान' झाले, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला. सुभानाने मूठ उघडली. शेवटच्या अक्षता येसूच्या डोक्यावर पडल्या. वाजंत्र्यांच्या गर्दीतून तो मागल्या दाराने बाहेर पडला, आणि धूळ खाली बसायच्या आत कोकणाच्या बाजूला उतरून गेला.

केरबाने तेव्हा हात सोडला.

येसूची पाठवणी झाल्यावर फौजदार मांडवात आला. आला होता का, असे त्याने विचारले. केरबाला खोटे बोलता आले असते. सगळे गाव त्या क्षणी मनात म्हणत होते, की नाही म्हण, नाही म्हण. पण पट्टा कमरेला पुन्हा बांधता बांधता तो म्हणाला, "आला होता. मी पाहिला."

"मग धरला का नाहीस?"

"हातात पोरीचा हात होता."

फौजदाराने तोच पट्टा त्याच्या कमरेचा काढायला लावला. डगला काढायला लावला, बिल्ला काढून घेतला, आणि केरबाला दोरीने बांधून खिंडीच्या वाटेने तालुक्याकडे नेले. हे सगळ्या गावाने पाहिले. ज्यांच्या मांडवाची लाज त्याने राखली होती त्यांच्यातल्या एकानेही तोंड उघडले नाही. दारे लोटली गेली. चुलत भाऊ बैलांपाशीच होते. येसू तर सासरच्या गाडीत होती, तिला काहीच ठाऊक नव्हते. गोजरा अंगणात उभी राहिली, पण तिनेही हाक मारली नाही. खिंडीच्या वळणावर केरबाने एकदा मागे पाहिले म्हणे. कोणाच्याही दारात दिवा नव्हता.

ही कथा इथे संपली असती तर ती सांगायलाही कोणी उरले नसते. गावे आपली लाज विसरण्यात फार तरबेज असतात.

पण कार्तिक आला, भाऊबीज आली. सुभाना रानात गेल्यापासून गोजरा भाऊबिजेला चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही किंवा ज्यांचा भाऊ लांब आहे, त्या बायका अंगणात उभ्या राहून बीजेच्या त्या बारीक कोरीला ओवाळतात, तशी. त्या वर्षी ती अंगणात दिसली नाही. दिवस कलायच्या आधीच तिने ताट घेतले, निरांजन पदराआड धरले आणि ती एकटी खिंड चढून गेली. झोपडी रिकामी होती. पुढचा काळा दगड रिकामा होता, ज्याच्यावर शिधा ठेवून सगळ्यांनी, तिनेही, पाठ फिरवली होती. तिने तो दगड पाण्याने धुतला, भोवती रांगोळी काढली, आणि समोर कोणी बसले आहे असे समजून ओवाळले. मग तालुक्याच्या वाटेकडे तोंड करून ती अंधार पडेपर्यंत थांबली.

पुढल्या वर्षी झोपडीत नवा शिपाई होता, तरणा, घाबरट. गाव आपल्याशी बोलत नाही हे त्यालाही कळून चुकले होते. गोजरा ताट घेऊन आली तेव्हा तो आत जाऊन उभा राहिला. तिने आधी रिकाम्या दगडाला ओवाळले. मग म्हणाली, "आता तू बस." तो बसला. तिने त्याला कुंकू लावले, आणि विचारले, की तुझी बहीण कुठं असती रं? तो सांगायला लागला आणि सांगता सांगता रडला, असे म्हणतात. त्या वर्षी माहेरी आलेली येसूही गोजरासोबत होती, कडेवर तान्हे घेऊन. तिने ते तान्हे त्या शिपायाच्या मांडीवर ठेवले. खाली गावात सांगताना मात्र ती म्हणाली, की मामाच्या मांडीवर ठेवून आले. कोणत्या मामाच्या, ते तिने सांगितले नाही. तिथपासून उंबरशेतात शिपायाला मामा म्हणू लागले. पोर रडले तर 'खिंडीतला येईल' म्हणणे बंद झाले. पोर हरवले, की आई सांगे, खिंडीत मामा आहे, तिथं जा.

येणाऱ्या लोकांत कोणीतरी शहाणा हमखास विचारतो, की गोजराने भावाला मांडवात आधीच ओळखले असेल का? ओळखले असेल तर तिने शिपायाला नाते दिले नाही, नुसते त्याचे हात गुंतवले. या प्रश्नावर गावात दोन मते आहेत. काही म्हणतात, सख्ख्या बहिणीला चालीवरून कळतेच. काही म्हणतात, तिला मुहूर्ताखेरीज काही दिसत नव्हते. गोजराने मरेपर्यंत हे सांगितले नाही. आणि केरबाला म्हणे तुरुंग झाला; तिथे, इतक्या लांब, त्याला हा प्रश्न कितीदा पडला असेल, की त्या बाईने मला बोलावले ते कशासाठी? त्याचे उत्तर द्यायला ती दर वर्षी खिंड चढत राहिली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. उत्तर त्याच्यापर्यंत पोचले की नाही, ते नाही ठाऊक. सुभाना कोकणातून परतला नाही. केरबाही परतला नाही.

हौसाबाईंना हे विचारले तर त्या शेंगा सोलत म्हणतात, "आला आसता तर आमी कशाला चढलो आसतो दर साली?"

आजही भाऊबिजेच्या तिन्हीसांजेला उंबरशेतच्या बायका ताटे घेऊन मोहोरखिंडीत येतात. चौकीत कधी नांदेडचा कोणी असतो, कधी गोंदियाचा. मागे एकदा एक पोलिसीण होती. बायका जरा घुटमळल्या, मग तिलाही बसवले, आणि ओवाळताना मामाच म्हणाल्या. पण आधी काळ्या दगडापुढे सगळ्याजणी रिकाम्या जागेला ओवाळतात. ओवाळून झाले की कोणी बोलत नाही. ताट खाली ठेवायचे नाही. तालुक्याच्या वाटेकडे तोंड करून, निरांजनातले तूप संपेपर्यंत, तशाच उभ्या राहतात. वळणावरून एखादी गाडी येते, दिव्यांचा झोत त्यांच्या अंगावर टाकून निघून जाते. ज्योत बारीक होत जाते, आणि ती विझली तरी कोणीतरी एखादी म्हातारी म्हणतेच, "थांबा गं. अजून जरा."